पोच न मागणारा निरोप

जून 1971. होनोलुलूच्या मागे डोंगरात आत शिरलेली मानोआची दरी आणि तिच्या तोंडाशी हवाई विद्यापीठ. तुम्ही एका टर्मिनलसमोर बसला आहात. बाहेर ऊन आणि पाऊस एकदमच चालू आहेत, इथे ते रोजचंच. टर्मिनलला एक पेटी जोडलेली आहे, पेटीला रेडिओ आणि रेडिओला अँटेना. टेलिफोनची तार मात्र कुठेच दिसत नाही. ती नाही, म्हणूनच हा पहिला मुक्काम इथे.

तुम्ही एक ओळ टाइप करता. जास्तीत जास्त ऐंशी अक्षरांची. ओळ पूर्ण होईपर्यंत पेटी गप्प राहून अक्षरं साठवत असते. मग ती त्या ओळीच्या पुढे 32 बिट्सचा मथळा लावते, चुका पकडण्यासाठी 16-16 बिट्सच्या दोन तपासण्या जोडते आणि 704 बिट्सचं ते पॅकेट 407.350 मेगाहर्ट्झवर सोडून देते. सेकंदाला 9600 बिट्स या वेगाने त्याला 73 मिलिसेकंद लागतात. कळेवरचं बोट उचलेपर्यंत पॅकेट निघून गेलेलं असतं.

त्यासाठी तुम्ही कोणाची परवानगी घेतली नाहीत. वाट मोकळी आहे का, हेही पाहिलं नाहीत. तुमच्यासारखीच दुसरी पेटी दुसऱ्या कुठल्या इमारतीत बसलेली आहे, तिचीही फ्रिक्वेन्सी हीच, आणि तीही कोणाला न विचारता बोलते. तुमच्या पेटीला ती ऐकू येत नाही, कारण तुमच्या पेट्या एका फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतात. एकमेकांचं ऐकून थांबायची सोयच नाही.

हे सगळे आवाज ज्या एका कानावर पडतात त्याचं नाव मेनेहुने. हवाईच्या दंतकथांमध्ये मेनेहुने म्हणजे रात्रीत बांधकामं उरकणारे बुटके कारागीर. इथे तो एचपी कंपनीचा छोटा संगणक आहे आणि त्याच्या पाठीशी विद्यापीठाचा मोठा आयबीएम 360. तुमचं पॅकेट धड पोहोचलं, दोन्ही तपासण्या जुळल्या, की मेनेहुने 413.475 मेगाहर्ट्झवर पोच पाठवतो. त्याचं ते बोलणं सगळ्या पेट्यांना ऐकू जातं. जिचा पत्ता त्यावर असेल ती घेते, बाकीच्या सोडून देतात. परतीच्या या वाटेवर भांडण नाही, कारण तिथे तोंड एक आणि कान अनेक. भांडण येतानाच्या वाटेवर आहे. तिथे तोंडं अनेक आणि कान एकच.

ही मांडणी नॉर्मन अब्रॅमसन यांची. फ्रँक कुओ आणि आणखी काही सहकारी त्यांच्याबरोबर आहेत, आणि प्रकल्पाचं नाव आहे अलोहा सिस्टिम. विद्यापीठाची मुख्य जागा मानोआला, एक महाविद्यालय हिलोला, आणि दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवणारी आणखी पाच महाविद्यालयं वेगवेगळ्या बेटांवर, होनोलुलूपासून सुमारे 300 किलोमीटरच्या परिघात. मधे समुद्र. टेलिफोनच्या तारा महाग, आणि त्यांच्यावरून संगणकाचं बोलणं नीट जाईल याची खात्री नाही. पण अब्रॅमसनना टोचलेली गोष्ट त्याहून खोल होती, असं मला वाटतं. टर्मिनलवर बसलेला माणूस एक ओळ टाइप करतो, मग विचार करतो, खिडकीबाहेर पाहतो, कागद चाळतो, आणि मग दुसरी ओळ. त्याच्यासाठी राखून ठेवलेली तार बहुतेक वेळ रिकामी पडून असते. बोलणं असं तुरळक असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र वाट कशाला? एकच वाट सगळ्यांना द्यावी, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं. त्यांचा हा विचार 1970 च्या एका परिषदेत छापून आला. आज तुम्ही त्याच्या आत बसला आहात.

दुसरी ओळ टाइप करा.

या वेळी पोच येत नाही. तुमचं पॅकेट हवेत असताना दुसऱ्या पेटीनेही तोंड उघडलं. दोन्ही लहरी मेनेहुनेच्या अँटेनावर एकमेकींत मिसळल्या, तपासणी जुळली नाही आणि मेनेहुनेने ते टाकून दिलं. तुम्हाला तो काही कळवत नाही. कळवणार कसं? कोणाचं पॅकेट होतं हेच त्या गोंधळात वाचता आलेलं नाही. म्हणून न मिळालेली पोच हीच काय ती बातमी. तुमची पेटी थोडं थांबते आणि तेच पॅकेट पुन्हा पाठवते. किती थांबायचं, हे मुद्दाम नशिबावर सोडलेलं आहे. दोन्ही पेट्या सारख्याच थांबल्या असत्या, तर पुन्हा एकत्रच बोलल्या असत्या आणि जन्मभर आदळत राहिल्या असत्या.

आता एक कागद घ्या. तुमचं पॅकेट 73 मिलिसेकंदांचं. ते सुटण्याआधीच्या 73 मिलिसेकंदांत कोणी सुरुवात केली असेल तर त्याची शेपटी तुमच्या डोक्यावर पडेल, आणि तुमचं चालू असताना कोणी सुरू केलं तर त्याचं डोकं तुमच्या शेपटीवर. म्हणजे या 146 मिलिसेकंदांत बाकी कोणीही बोलायला सुरुवात करता कामा नये. सगळे आपापल्या मर्जीने बोलत असताना अशी शांतता किती वेळा मिळेल, याचा हिशेब मांडला की एक कठोर आकडा हाती येतो. हा रस्ता कितीही जोराने वापरलात, तरी त्याच्या कमाल क्षमतेच्या 18.4 टक्क्यांपलीकडे काही धड पोहोचत नाही. त्याहून जास्त रेटलंत तर आदळआपट वाढते, फेरपाठवणी वाढते, फेरपाठवणीमुळे आणखी आदळआपट होते आणि पोहोचणारं उलट कमी होतं.

शंभरातले अठरा. अब्रॅमसन यांची थोरवी मला इथे दिसते. हा आकडा त्यांनी स्वतःच मांडला आणि तरीही जाळं उभं केलं. वाया जाणाऱ्या ब्याऐंशींच्या बदल्यात काय मिळतंय हे त्यांना दिसत होतं. वेळापत्रक नाही, वाटप नाही, नवीन पेटी जोडायची तर कोणाला कळवायचंही नाही. रिकाम्या तारेचं भाडं भरण्यापेक्षा हे स्वस्त होतं.

पुढचं वर्ष भराभर पाहून घ्या. 1972 च्या जूनमध्ये लॅरी रॉबर्ट्स, अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं अर्पानेट हे संगणकांचं जाळं उभारणारे, एक छोटं टिपण लिहितात. काळाचे सारखे तुकडे पाडा, आणि बोलायचं तर तुकड्याच्या सुरुवातीलाच बोला. मग अर्धवट आदळणं संपतं, एकतर पूर्ण आदळाल किंवा मुळीच नाही. 18.4 चे 36.8 होतात. त्याच टिपणात आणखी एक निरीक्षण आहे, आणि ते तुम्ही खिशात ठेवा, पुढे लागणार आहे. दोन पॅकेटं एकत्र आली तरी दोन्ही मरतीलच असं नाही. एकाचा आवाज पुरेसा मोठा असेल तर कान ते उचलतो आणि दुसरं नुसतं खरखर बनून राहतं.

त्याच वर्षी अब्रॅमसन रॉबर्ट्स यांच्या कचेरीत बसले आहेत. रॉबर्ट्सना कोणीतरी बाहेर बोलावून घेतं. भिंतीवरच्या फळ्यावर अर्पानेटची नवी यंत्रं कुठे आणि कधी बसवायची याची यादी आहे. अब्रॅमसन खडू उचलतात, यादीत अलोहा सिस्टिम हे नाव लिहितात, पुढे सहज सुचलेली तारीख टाकतात, 17 डिसेंबर, आणि नंतर तो विषय काढायचा राहूनच जातो. डिसेंबरमध्ये फोन येतो की यंत्रासाठी जागा करून ठेवा. 17 डिसेंबर 1972 ला ते यंत्र येतं आणि हवाई उपग्रहामार्गे अर्पानेटला जोडलं जातं. हा प्रसंग अब्रॅमसन यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. विचारून बोलण्याची पद्धत त्यांनी फळ्यावरही पाळली नाही.

कॅलिफोर्नियात बॉब मेटकाफ अब्रॅमसन यांचा लेख वाचून 1973 च्या मे महिन्यात तारेवरच्या अलोहाचा आराखडा लिहितात. तेच इथरनेट. पण तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं तारेवरून ऐकू येतं, म्हणून आधी ऐकून मग बोलता येतं. ती वाट वेगळी आहे. आपण रेडिओबरोबरच राहू.

आता चला, वर चढा. ओआहू बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी कोओलाउ डोंगररांग आहे आणि तिच्या खिंडीत नुउआनु पाली नावाची जागा. मागे होनोलुलू, समोर सरळ कडा उतरून कानेओहेचा उपसागर, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. इतिहासात इथे अब्रॅमसननी काही बसवलेलं नाही. हा थांबा माझा आहे, कारण मला तुम्हाला एक हिशेब दाखवायचा आहे आणि तो दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

समजा, मेनेहुनेचा कान एकाऐवजी दोन ठिकाणी आहे. एक तुमच्या पाठीमागे शहराकडे, दुसरा समोर कानेओहेकडे. कोणत्या पेटीने कोणत्या कानाशी बोलायचं असं काही ठरलेलं नाही. ती आपली बोलते, ज्याला ऐकू येईल तो घेतो. पण मधे हा डोंगर आहे. काही पेट्या एकाच कानाला ऐकू येतात, काही दोन्हींना, काही एकालाही नाही. सोयीसाठी धरू की प्रत्येक कान प्रत्येक पॅकेट निम्म्या वेळा ऐकतो आणि निम्म्या वेळा डोंगर, झाडं, पाऊस ते गिळून टाकतात. दोन्ही कान अर्धे बहिरे.

काळाच्या एकाच तुकड्यात दोन पॅकेटं आली, एक तुमचं आणि एक शेजाऱ्याचं. मानोआतल्या एकमेव चांगल्या कानाला दोन्ही ऐकू आली असती आणि दोन्ही वाया गेली असती. इथे? पहिल्या कानाच्या चार शक्यता: दोन्ही ऐकली, फक्त तुमचं, फक्त शेजाऱ्याचं, काहीच नाही. दुसऱ्या कानाच्याही याच चार. एकूण सोळा. त्यांतल्या बारांमध्ये निदान एक पॅकेट हाती लागतं. आणि दोन शक्यता अशा आहेत की एका कानाने तुमचं धरलं आणि दुसऱ्याने शेजाऱ्याचं. दोघं एकाच क्षणी बोललात आणि दोघांचंही पोहोचलं.

रॉबर्ट्सच्या तुकड्यांच्या पद्धतीत एका कानाची कमाल शंभर तुकड्यांत 37 पॅकेटं होती. तोच हिशेब या दोन अर्धबहिऱ्या कानांसाठी मांडा. दोन्ही कानांनी धरलेलं एकच पॅकेट दोनदा मोजू नका, आणि कमाल काढा. ती जवळजवळ 63 येते. आता दोन्ही कान तल्लख करा, इतके की दोघांनाही सगळंच ऐकू येईल. पुन्हा 37. दोघंही तेच ऐकतात, तेच हरवतात. दुसऱ्या कानाचा काही उपयोग राहत नाही.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. इतका वेळ डोंगर तुमचा शत्रू होता. रेडिओचा कोणताही अभियंता डोंगराला शिव्या देतो. पण गर्दी वाढली की हाच डोंगर एका कानापासून शेजाऱ्याचा आवाज झाकतो, आणि झाकतो म्हणूनच तुमचा आवाज तिथे स्वच्छ पोहोचतो. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एकदम बोलत असताना दोन टोकांना बसलेल्या दोन आज्या दोन वेगळ्या गोष्टी ऐकून घरी येतात, तसं. अर्थात याला किंमत आहे. शुकशुकाट असताना, तुकड्यात एकटं तुमचंच पॅकेट असेल, तेव्हा तल्लख कान ते नक्की घेईल, आणि अर्धबहिरे दोन कान मिळून चारांतलं एक हरवतील. गर्दीत बहिरेपणाचा फायदा, शांततेत तोटा. कान कुठे ठेवायचे हे म्हणूनच नकाशाइतकंच वेळेवरही अवलंबून आहे.

आणि खिशातलं ते निरीक्षण काढा. जवळचा मोठा आवाज लांबच्या लहान आवाजाला दाबतो. कान एकच असताना हा अन्याय होता: मानोआतला माणूस जिंकणार आणि पलीकडच्या बेटावरचा हरणार, रोज. कान पसरले की प्रत्येक जण कोणाच्या तरी जवळ असतो. शहराच्या कानाजवळ जो दुबळा, तो कानेओहेच्या कानाजवळ बळकट.

खिंड उतरून तुम्ही थेट 2019 मध्ये उतरता, ठाण्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. मागे येऊरचा डोंगर. गच्चीवर एक हौशी माणूस प्लास्टिकच्या नळीत बसवलेली वीतभर अँटेना लॅपटॉपला जोडून बसला आहे आणि पडद्यावर मुंबईला उतरणारी विमानं हळूहळू सरकत आहेत. प्रत्येक विमान 1090 मेगाहर्ट्झवर स्वतःची जागा, उंची आणि ओळख ओरडून सांगत आहे. एका निरोपाला फक्त 120 मायक्रोसेकंद लागतात आणि त्यात 112 बिट्स असतात. जागेचा निरोप सरासरी सेकंदाला दोनदा, पण नेमका अर्ध्या सेकंदाने नाही: 0.4 ते 0.6 सेकंदांमधला एखादा क्षण दरवेळी सोडतीसारखा निवडला जातो, म्हणजे दोन विमानं एका तालात अडकून सारखी आदळत राहू नयेत. मानोआतली ती पेटी आठवते ना, जी नशिबावर सोडून थांबायची? तीच युक्ती अकरा किलोमीटर उंचीवर गेली आहे.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. विमान पोच मागत नाही.

त्याच्या निरोपावर कोणाचाच पत्ता नाही. खाली नियंत्रण कक्षाचे कान आहेत, आजूबाजूच्या विमानांचे कान आहेत, या गच्चीसारखे हौशी कान आहेत. याच 2019 पासून इरिडियमच्या 66 उपग्रहांवर बसवलेले कानही कामाला लागले, म्हणून भर महासागरावरचं विमानही आता ऐकू येतं. याच फ्रिक्वेन्सीवर रडारला दिलेली उत्तरं आणि विमानांची आपसातली टक्कर टाळण्याची बोलणीही चालतात. आदळआपट भरपूर होते. पण हरवलेला निरोप परत पाठवण्यात अर्थ नाही, कारण अर्ध्या सेकंदात विमान शंभर मीटर पुढे गेलेलं असतं आणि नवा निरोप तयार असतो. जुना निरोप परत पाठवणं म्हणजे खोटी जागा सांगणं.

गच्चीवरच्या माणसाचा एक मित्र बोरिवलीला अशीच अँटेना लावून बसलेला आहे असं समजा. दोघांच्या मधे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. ठाण्याच्या खाडीवरून खाली येत असलेलं विमान इथून दिसतं, बोरिवलीहून डोंगराआड जातं. समुद्रावरून येणारं बोरिवलीला आधी ऐकू येतं. दोघांच्या याद्या एकत्र केल्या की एकाच्या भोकांवर दुसऱ्याचं ठिगळ बसतं. आणि चार ठिकाणच्या कानांनी एकच निरोप धरला, प्रत्येकाने तो पोहोचल्याचा क्षण मायक्रोसेकंदाच्या अंशापर्यंत टिपला, तर एक जास्तीची गोष्ट फुकट मिळते. लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, म्हणून क्षणांच्या फरकांवरून विमान कुठे आहे हे निरोपात न वाचताही काढता येतं. विमानाचा जागा सांगणारा भाग बिघडला असेल किंवा कोणी खोटी जागा ओरडत असेल, तर तेही कळतं. एका कानाला हे कधीच जमलं नसतं.

आता खाली, दक्षिणेला. 25 जानेवारी 2022, वेळास, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वाळूवर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि कांदळवन विभागाची माणसं एक छोटा ट्रान्समीटर चिकटवत आहेत. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ही पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. थोड्या वेळाने ती समुद्रात शिरते, आणि तुम्ही तिच्याबरोबर.

पाण्याखाली रेडिओ मुका असतो. खारं पाणी लहर गिळून टाकतं. श्वासासाठी ती वर येते, पाठ पाण्याबाहेर निघते, यंत्राला ते कळतं आणि तेवढ्यात ते 401.65 मेगाहर्ट्झच्या आसपास एक निरोप सोडतं. एका सेकंदाहून लहान. ऐकायला कोण? सुमारे 850 किलोमीटर उंचीवरून ध्रुव ते ध्रुव फिरणारे आर्गोस व्यवस्थेचे उपग्रह, 1978 पासून फ्रान्स आणि अमेरिकेने मिळून चालवलेले. हे कान ज्यांच्यावर बसवले गेले त्यांत 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-फ्रान्सचा सरल उपग्रहही आहे. एखादा उपग्रह कासवाच्या क्षितिजावर आला की दहा-पंधरा मिनिटं राहतो. कासव वर आलं तेव्हा तो असेलच असं नाही. असला तरी त्याच्या खाली त्याच क्षणी पक्ष्यांच्या पाठीवरची, समुद्रात तरंगणाऱ्या तराफ्यांवरची शेकडो यंत्रं बोलत असतील.

कासवाला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्या यंत्रालाही नाही. या यंत्राला कानच दिलेला नाही. बॅटरी इवलीशी, आणि पोच येते का म्हणून ऐकत बसायलाही वीज लागते. ऐकणं काढून टाकल्यामुळे ते महिनोन्महिने बोलू शकतं. हरवलेले निरोप हरवू दिले जातात. एका उपग्रहाने चुकवलं तर तासा-दीड तासाने दुसरा येतो. जे निरोप धरले जातात त्यांची फ्रिक्वेन्सी उपग्रह जवळ येताना किंचित चढलेली आणि दूर जाताना उतरलेली असते, आणि एका फेरीतल्या चार-पाच निरोपांच्या त्या चढउतारावरून कासवाची जागा निघते. वेळासची प्रथमा अरबी समुद्रात कुठे फिरली याच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका असा मिळालेला आहे, आणि तो पाहिला की मला पोच न मागणाऱ्या त्या यंत्राबद्दल माया वाटते.

शेवटचा मुक्काम आजचा आणि कमी देखणा. एका शहराच्या पाणीपुरवठा विभागाची खोली. इथे तुम्ही पाहुणे नाही, टेबलापलीकडची खुर्ची तुमची आहे. हजारो घरांच्या पाण्याच्या मीटरवर लोरा पद्धतीचे छोटे रेडिओ बसवले आहेत. ते 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, परवान्याशिवाय, आपापल्या वेळी बोलतात. शुद्ध अलोहा, पन्नास वर्षांनंतरही. उंच टाक्यांवर आणि इमारतींवर गेटवे लावलेले आहेत. कोणताही मीटर कोणत्याही गेटवेचा नाही. ज्या गेटवेने ऐकलं तो निरोप जसाच्या तसा सर्व्हरकडे ढकलतो, आणि एकच निरोप तीन गेटवेंकडून आला तर सर्व्हर दोन फेकून देतो. पालीच्या खिंडीत तुम्ही कागदावर केलेली वजाबाकी इथे यंत्र दिवसभर करत असतं.

याच्यापुढची पायरी अभ्यासक गेली काही वर्षं चढत आहेत. 2007 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या कासिनी, दे गाउदेन्झी आणि देल रिओ एरेरो यांनी उपग्रहांसाठी दाखवलं की एकच पॅकेट दोन वेगळ्या तुकड्यांत पाठवावं. एक प्रत धड मिळाली की दुसऱ्या तुकड्यातून तिची लहर वजा करता येते, आणि तिच्याखाली दबलेलं दुसऱ्याचं पॅकेट वर येतं. अनेक कान असले तर प्रत दोनदा पाठवायचीही गरज नाही. उत्तरेच्या गेटवेने तुमचं पॅकेट स्वच्छ ऐकलं, दक्षिणेच्या गेटवेवर ते शेजाऱ्याच्या पॅकेटवर आदळलं. उत्तरेने दक्षिणेला सांगायचं की हे बघ, यातलं हे काढून टाक. उरतो तो शेजारी. पण यासाठी गेटवेने वाचलेले बिट्स नव्हे, अख्खी कच्ची लहर जपून ठेवावी लागते आणि ती दुसरीकडे पोहोचवायला मधली तार चांगली जाड लागते. स्वस्त मीटरच्या जाळ्यात ती चैन सध्या परवडत नाही.

तुमच्या पडद्यावर एक साधा प्रश्न थांबलेला आहे. मीटरनी पोच मागावी की न मागावी? बोलून झाल्यावर मीटर दरवेळी एका सेकंदाने आणि मग दोन सेकंदांनी, असा दोनदा थोडा वेळ कान उघडतो, आणि पोच मागितली असेल तर सर्व्हर त्यांतल्या एका वेळी सर्वांत चांगलं ऐकणाऱ्या गेटवेकडून पोच पाठवतो. ऐकायला बरं वाटतं. पण सर्वसाधारण गेटवे बोलत असताना ऐकू शकत नाही. ज्या क्षणी तो एका मीटरला पोच देतो, त्या क्षणी त्याच्या परिसरातल्या बाकी सगळ्या मीटरांसाठी तो बहिरा होतो. त्यांचे निरोप हरवतात, तेही पोच न मिळाल्याने पुन्हा बोलतात, आणि मानोआतल्या कागदावरचा तो उतार पुन्हा सुरू होतो. हजारो मीटरांनी पोच मागितली तर तुमचे कान पोच देण्यातच संपतील.

तुम्ही ठरवता. दर तासाच्या आकड्याला पोच नाही. एखादा आकडा हरवला तरी पुढच्या तासाचा आकडा एकूण वापर सांगतोच, कारण मीटर बेरीज दाखवतो. नळ फुटल्याच्या सूचनेला पोच हवी, कारण ती एकदाच येते आणि तिच्यावर माणूस पाठवायचा असतो. आणि जुन्या गावठाणातल्या ज्या वस्तीतून तासाचे आकडे वारंवार गळतात, तिथल्या मीटरना जास्त वेळा बोलायला लावण्याचा अर्ज तुमच्यापुढे आहे, तो तुम्ही नामंजूर करता. त्याऐवजी टेकडीपलीकडच्या पाण्याच्या टाकीवर, जिथून शहराचा अर्धा भाग ऐकूच येत नाही, तिथे आणखी एक गेटवे लावायला सांगता.